सुकल्या शेवंतीच्या काचा

गणपत्या, मेला तर मेला, पण त्या काचांचं काय करायचं एवढं तरी सांगून जायचं होतं. साऱ्या गावाले "इकडं पाहा, हलू नका" म्हणत जल्म काढला, अन् सोता हलला तर असा हलला की कोणाले काही विचारायची सोय ठेवली नाही. आता तुह्या खोलीत सुकल्या फुलांच्या फोटोच्या काचांची पेटी पडली आहे. घरमालक म्हणते खोली रिकामी करा. कादरभाई तसबीरवाला म्हणते काचा मले द्या. तुही बहीण, माही घरवाली, म्हणते नदीत सोडा. अन् सारे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले, काहून की फुलं माह्या मळ्यातली. जित्ता होता तवा डोक्याले ताप होता, मेला तरी ताप उतरला नाही.

वाचनालयातला मास्तर आला होता. म्हणे, दौलतभाऊ, तुमच्या साळ्यावर चार शब्द सांगा, मी लिहितो, सभेत वाचून दाखवू. मी म्हणलं, मी दोन बुकं शिकलो आहे, साळ्याबद्दल लिहायले तेवढी पुरतात. मास्तर लिहिता तर काय लिहिता, सालस, मनमिळाऊ, सर्वांना हवाहवासा. तू कधी मनमिळाऊ होता बाप्पा? लग्नाच्या नवरदेवाले "तोंड मिटा, दात काही बरे नाहीत" असं वऱ्हाडासमोर म्हणणारा माणूस तू. तुहा जल्म कुठं झाला, बाप काय करे, हे मी लिहीत नाही. ज्याले ठाऊक आहे त्याले ठाऊक आहे. मी भांडण लिहितो. आपल्यात दुसरं होतं तरी काय?

तू नेहमी भांडण मधातून सांगे. मी सुरुवातीपासून सांगतो. अमरावतीहून तू क्यामेऱ्याचं काम शिकून आला अन् कारंज्यात खोली घेतली, पुढं दुकान अन् मागं बिऱ्हाड. मूर्तिजापूरच्या लहान गाडीनं फोटो उतरवायच्या तुह्या कोऱ्या काचा येत, तू त्या लेकरासारख्या उराशी धरून आणे. त्या साली माहा झेंडू असा फुलला होता की रस्त्यानं जाणारी बंडी थांबे. दसरा तोंडावर होता. मीच तुले म्हणलं, आपल्या मळ्याचा एक फोटो काढ, घरात लावू. तू तिपाई रोवली, काळ्या फडक्यात मुंडकं घातलं, अन् मी निवडून ठेवलेल्या टोपल्याचा फोटो काढला. एकेक फूल मुठीएवढं. मी दिवाणखान्यात खिळा ठोकून वाट पाहत बसलो.

तू फोटो आणला. टोपल्यात काळे गोळे. तुही बहीण पदर तोंडात घालून हसली, म्हणे, "हे फुलं हायत का गोवऱ्या?"

तू काय सांगतलं, तर काचेले पिवळं अन् लाल दिसतच नाही, तिले ते काळंच वाटते. ताजं फूल भरलेलं असते, त्यात उजेडाले शिरायले जागा नसते. तेच फूल सुकू द्या, पाकळ्या आकसतात, कडा पांढुरक्या पडतात, घडी अन् घडी येगळी होते, मग काचेले काहीतरी दिसते. मी म्हणलं, मंग तुही काच आंधळी हाय म्हण. तर तू म्हणला, "आंधळी नाही भाऊजी. तुमच्यासारखी हाय. तिले उशिरा दिसते."

साळा असून भाऊजीले असं बोलला. मी खिळा उपटून टाकला.

मले वाटलं, संपलं. तिथूनच तर सुरू झालं. तू दर दोन दिवसाआड मळ्यात यायले लागला अन् वाफ्यातलं उभं सोनं सोडून बांधावर फेकलेली फुलं हुडकायले लागला. माणसं पाहत. भाजी नेणाऱ्या बाया मले विचारत, तुमचा साळा काय बकऱ्यासाठी चारा नेते का?  आमच्या धंद्यात सुकलं फूल म्हणजे बदनामी. पहाटे खुडायचं, ओल्या फडक्यात गुंडाळायचं, उन्हं चढायच्या आत मंदिरापुढच्या हारवाल्याच्या हातात द्यायचं. त्याच्यापुढं त्या फुलाशी आपलं नातं नाही. बापानं मले हेच शिकवलं, मी पोरायले हेच शिकवलं. अन् तू, मळ्यातल्याच घरचा जावई असल्यासारखा आत येऊन, आमची बदनामी येचून नेत होता.

मग तुही नजर देव्हाऱ्यावर गेली. काल वाहिलेली फुलं, निर्माल्य. ते पायदळी येऊ नये, त्याचा वास घेऊ नये, वाहत्या पाण्यात सोडावं नाहीतर ज्या झाडाखाली पाय पडत नाही अशा झाडाखाली ठेवावं, हे लहान लेकराले कळते. तू सकाळी बहिणीच्या हातची निर्माल्याची परडीच मागायले लागला. मले वाटलं ती झाडू घेऊन धावन. पण भाऊ तो भाऊ. तिनं अट घातली की फोटो काढून झाला की परडी तूच नदीवर न्यायची, तुह्या हातानं सोडायची. अन् तू ते केलं, हे मी कबूल करतो. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत बसलं असन, पण तू परडी घेऊन अडाण नदीवर चालला असशील. घरमालक दारात उभा राहून भाड्याबद्दल विचारे, तू म्हणे, आधी देवाचं. देवाचं कसलं, तुहंच खूळ ते.

आता दुकानाच्या दर्शनी भागातला तो फोटो. तो विषय मी मरेपर्यंत सोडणार नाही, तू आधी मेला म्हणून सोडीन असंही समजू नको. वीतभर रुंदीच्या चौकटीत एक शेवंती, मान टाकलेली, पाकळ्या गळून अर्धी उघडी पडलेली, अन् खाली रंगानं सुबक अक्षरात लिहिलेलं, दौलतभाऊंच्या मळ्यातील फूल. तुले वाटलं तू माहा मान केला. भर बाजारपेठेत, पुढच्या सालच्या दसऱ्याच्या आठवड्यात. हारवाला मले भेटला तर हात जोडून म्हणे, "दौलतभाऊ, यंदा माल असा हाय काय? मंग मी कामरगाववाल्याले सांगतो."

मी तसाच तुह्या दुकानात आलो अन् चौकट भिंतीकडं तोंड करून फिरवली. तू पुन्हा सरळ केली. मी पुन्हा फिरवली. एक म्हातारी नातवाचा फोटो काढायले बसली होती, ती नातवाले घेऊन उठली, म्हणे, हे दोघं कोणाले तरी मारतीन.

त्या दिवसापासून संक्रांतीपर्यंत आपण बोललो नाही. म्हणजे बोललो, पण तुह्या बहिणीच्या मार्फत. तू जेवायले येऊन बसे, मी तुह्या समोर, ताटाले ताट लागलेलं. मी म्हणे, "त्याले विचार, भाकर पाह्यजे का." तू म्हणे, "बाई, त्यायले सांग, फूल सुकलं म्हणजे मळा सुकला असं होत नाही." मी म्हणे, "त्याले सांग, पेठेत तसंच होते." ती बिचारी भाकरी थापता थापता इकडचं तिकडं करे. एक दिवस तिनं परात आपटली अन् म्हणे, "तुमचे निरोप तुमीच न्या, मले हात दोनच हायत." संक्रांतीले तू तिळगूळ घेऊन आला. रीत आहे म्हणून मी घेतला. तू म्हणला, गोड बोला. मी म्हणलं, चौकट काढली का? तू म्हणला, नाही. मी म्हणलं, मंग बस, चहा घे. असं आपलं मिटलं.

मिटलं कुठं. माहा सवाल तसाच राह्यला, अन् त्याचा जवाब तू कधी दिला नाही. मी तुले कितीदा विचारलं. तुह्या दुकानात माणसं फोटो पाहतात, बोट ठेवून म्हणतात, हे आमचे काका, हे आमचे अण्णा. हा काकाचा कागद असं कोणी म्हणते का? नाही. मंग माह्या शेवंतीचा फोटो म्हणजे माही शेवंतीच झाली. ती तू मढ्यासारखी पेठेत टांगली. तू म्हणे, तसं नाही भाऊजी. मी म्हणे, मंग कसं? फूल नसन तर काच हाय, अन् काच असन तर फोडून टाक, वीतभर काचेसाठी भाऊजीची इज्जत काहून घालवतो? इथं आलं की तू फडकं घेऊन भिंग पुसत बसे. माह्या जल्मात मले कोणी इतकं चिडवलं नाही जितकं तुह्या त्या भिंग पुसण्यानं चिडवलं.

लोक म्हणत, बायको, यमुना, गेल्यापासून गणपतले हे लागलं. तिच्या अंबाड्यातली फुलांची वेणी खुंटीवर राह्यली होती म्हणे, अन् तू ती सुकेपर्यंत त्या वेणीचे फोटो काढले. मले खरं-खोटं ठाऊक नाही. मी एकदा पाटाच्या कडेले बसून सरळ विचारलं, हे सारं यमुनेपायी हाय का? तू म्हणला, नाही, काच धीमी हाय म्हणून. ताजं फूल वाऱ्यानं हलते, सुकलेलं मान टाकून निपचित पडते, म्हणून फोटो चांगला येते.  तू उठून पाटातलं पाणी दुसऱ्या वाफ्यात लावून दिलं, जसं काय तेच करायले आला होता. यमुनेचा एक फोटो तुह्याजवळ नव्हता, साऱ्या कारंज्याच्या सुनांचे होते. हे मी तुले बोललो नाही. बोलायले पाह्यजे होतं का, ते अजून कळत नाही.

पोहरादेवीच्या यात्रेत तुले मीच पाठवलं, आठवते का? म्हणलं, तांडेच्या तांडे येतात, बाया अंगभर आरशाचे कपडे घालून येतात, फोटो काढ, चार दिवस पोटाले होईल. तू रंगवलेला पडदा नेला, कमान अन् हंस असलेला. माणसं रांगेत उभी राहत होती असं तुह्यासंग आलेला बंडीवाला सांगे. अन् तू पडद्यासमोर बसलेल्या बाईले "थांबा जरा" म्हणून उठला अन् बंडीच्या चाकाखाली चेंगरलेल्या हाराचा फोटो काढायले उकिडवा बसला. बाई तशीच बसून. तिच्या माणसानं इचारलं, का हो, आमची बाई चांगली नाही का? तर तू म्हणला, चांगली हाय, ती राहीन बसून, हार राहणार नाही. बंडीवाल्यानं तुले तिथून ओढून काढलं म्हणून हाडं शाबूत घरी आली. हे आयकून मी पोटभर शिव्या दिल्या. तू शिव्या खात खात मले चेंगरल्या हाराचा फोटो दाखवत होता. म्हणे, पाहा, धागा कसा वर आला.

आता यंदाचं. माघात शेवंतीचा हंगाम उतरला. मले वाफे खांदून मेथी टाकायची होती. तू खोकत खोकत आला, बांधावर बसला, दम घेतला, अन् म्हणला, भाऊजी, विहिरीकडची एक ओळ उपटू नका. मी येतो. मी म्हणलं, कधी येतो? तू म्हणला, येतो ना. मी ठेवली. साऱ्या मळ्यात हिरवं अन् मधात ती एक करपलेली ओळ, टक्कल पडलेल्या डोक्यावर केसांची बट राहावी तशी. शेजारचा विचारे, दौलतभाऊ, हे काय पीक हाय? मी म्हणे, साळ्याचं पीक हाय. तू आला नाही. निरोप आला.

तुले उचलायच्या दिवशी मी पांढरी शेवंती नेली, उशिराच्या वाफ्यातली, पहाटेची, दंव असलेली. माह्या मळ्यातलं फूल मेल्या माणसाच्या अंगावर जाते तेही ताजंच जाते, अशी माही रीत आहे. ती तुह्या छातीवर टाकताना मले एवढंच वाटून राह्यलं की तू एक डोळा उघडून म्हणशीन, भाऊजी, दोन दिवस थांबले असते तर? सारे रडत होते अन् मले तुहा राग येत होता. अजून येऊन राह्यला.

खोली रिकामी करायले आमी परवा गेलो. घरमालक दारात. कादरभाई हातगाडीवर गोणपाट अंथरून आला होता. तुही बहीण उंबऱ्याजवळ परडी घेऊन बसली होती, परडीत तुळस. लग्नाच्या, बारशाच्या काचा ज्याच्या त्याच्या घरी पोचवल्या होत्या. राह्यली एक पेटी. कादरभाईनं काय करायचं ते मले नीट सांगतलं, लपवलं नाही. गरम पाण्यात सोडा टाकून काच घासली की वरचं सारं निघून जाते, आरसपानी काच हाती येते. तिकडं विलायतेत लढाई चालली म्हणून काच मिळत नाही, लोकायच्या देवाच्या तसबिरी उघड्या पडल्या आहेत, धूळ बसून राह्यली. तुही बहीण म्हणे, त्यानं फुलं पाण्यात सोडली पण त्यायची सावली ठेवून घेतली, ती बी सोडली पाह्यजे, नाहीतर गणूचा जीव या पेटीत अडकन. ती रडत नव्हती. हे ती ठरवून बोलत होती, अन् ती ठरवते तवा माहं चालत नाही.

कादरभाई म्हणला, "दौलतभाऊ, तुमी सांगा. फूल हाय म्हणसान तर मी हात लावत नाही, निर्माल्याचं मले समजते. काच हाय म्हणसान तर देऊन टाका."

माहाच सवाल, गणपत्या. फूल का काच. इतके वर्षं मी तुह्या तोंडावर फेकला, तू भिंग पुसत बसला, अन् आता तो दुसऱ्याच्या तोंडून माह्यावर आला. फूल म्हणलं तर नदी, काच म्हणलं तर सोड्याचं पाणी. दोन्हीकडून पेटी जाते. माहंच बोलणं खरं ठेवायचं तर एक शब्द बोलायचा होता अन् घरी जायचं होतं.

मी म्हणलं, थांबा, आधी पाहू तरी द्या. पेटीतली एक काच काढली अन् खिडकीशी नेली. कागदावरचे फोटो तू मले लय दाखवले, काच मी कधी उजेडात धरली नव्हती. तिच्यात सारं उलटं. मागची भिंत काळी अन् फूल जिथं होतं तिथं उजेड. तुहं जे मढं होतं ते पेटलेल्या दिव्यासारखं, अन् त्यात केसाएवढ्या रेघा, पाकळीच्या घड्या. एका पाकळीले अळीनं खाल्लेला अर्धा चंद्र होता. मी फूल ओळखलं. विहिरीच्या थाळ्याजवळचं, मोटेचं पाणी पडते तिथलं. ते मी मालात दिलं नव्हतं, खोट असलेलं म्हणून घरच्या देवाले टाकलं होतं. पुढच्या काचेत तेच फूल, जरा अजून आकसलेलं, अळीनं खाल्लेल्या जागेपाशी मुडपलेलं. त्याच्या पुढच्या काचेत त्यानं मान फिरवली होती. जणू कोणी मागून हाक मारली.

मी उभा जल्म फुलं पिकवली. पण पहाटे खुडून ओल्या फडक्यात टाकल्यावर त्यायचं काय होते, हे मले कोणी सांगतलं नव्हतं अन् मी विचारलं नव्हतं. माह्या फुलांचं म्हातारपण तू सांभाळलं. हे तोंडानं सांगायले तुले काय झालं होतं? आता म्हणशीन, सांगतलं असतं तर तुमी आयकलं असतं का? नसतं आयकलं. तरी सांगायचं होतं.

घरमालक खाकरला. कादरभाईनं गोणपाट सारखं केलं.

मी म्हणलं, "फोटो हाय तो."

तुही बहीण म्हणे, "म्हणजे?"

"म्हणजे फूल बी नाही अन् काच बी नाही. फोटो हाय. फोटो कोणी बुडवत नाही अन् कोणी घासत नाही. चाल, घरी घे."

कादरभाई भला माणूस. पेटीले एका बाजूनं हात लावला अन् हातगाडीवर ठेवून आमच्या घरापर्यंत आणून दिली. मले वाटलं तुही बहीण वाटेत भांडन, नदीचं काढन. ती परडी घेऊन माह्या पुढं घराकडंच चालत होती. घरी येऊन पाहतो तर मधल्या खोलीच्या फडताळातला वरचा कप्पा रिकामा. लोणच्याच्या बरण्या सकाळीच खाली उतरवलेल्या, फळी पुसलेली, वर जुन्या लुगड्याची घडी अंथरलेली. मी तिच्याकडं पाह्यलं. ती म्हणे, "मले काय पाहता? हळू ठेवा, फुटन."

दुकानातल्या चौकटीबद्दल मी माघार घेतलेली नाही. ते चूक ते चूकच, माही शेवंती पेठेत तशी टांगायची नव्हती. पण बाकीचं तुहं खरं ठरलं. जे वदवून घ्यायले तू एवढे वर्षं भिंग पुसत बसला, ते मी तिघांच्या समोर, खणखणीत आवाजात बोललो, अन् बोलल्यावर सवयीनं खोलीतल्या त्या खुर्चीकडं पाह्यलं, जिथं बसून तू भिंग पुसे. जिंकल्यावर माणूस निदान समोर तरी उभा राहते, गणपत्या.